वैशाखातला पिंपळ

वैशाखात झाड लावू नये. एवढी एक गोष्ट मी गावात इतक्यांदा सांगितली आहे, की आता मी रस्त्यानं दिसलो की समोरचाच आधी म्हणतो, "व्हय तात्या, वैशाखात लावायचं न्हाई." आणि हसतो. हसा बापडे. मरायचं झाडाला असतं, हसणाऱ्याला नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलो, तेही वर्गाच्या दाराबाहेर बसून. मग श्रीरामपूरकडच्या एका मोसंबीच्या बागेत कामाला लागलो, तो केस पांढरे होईपर्यंत तिथंच. सातबारा मालकाच्या नावावर होता, पण झाडं माझी होती. हे मी मालकाच्या तोंडावर म्हणायचो आणि तो ऐकून घ्यायचा. बहार धरायच्या आधी झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं सुकतात, गळतात, नवखा माणूस बघून घाबरतो. ताण कुठवर ओढायचा आणि पाणी कधी सोडायचं, हे पानावरून कळतं. मला कळायचं. पाणी द्यायचं तेही दुहेरी आळं करून. आतल्या आळ्यात खोड कोरडं, बाहेरच्या आळ्यात पाणी. खोडाला ओल लागत राहिली की साल कुजते, डिंक वाहायला लागतो आणि झाड उभ्या उभ्या जातं. झाड पाणी पितं ते मुळांच्या टोकांनी, बुंध्यानं नाही. ज्यांच्या दारात एखादं लिंबाचं नाहीतर मोसंबीचं झाड असेल त्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी बास झालं. पण ठेवत नाहीत. बुंध्यावरच बादली रिकामी करतात आणि वर म्हणतात, आमच्या हाताला गुणच नाही.

काम सोडून गोदाकाठच्या माझ्या गावी परत आलो तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीत नवं विहार बांधून झालं होतं. वर स्लॅब, आत फरशी, आणि समोर दगड-सिमेंटचा गोल पार, मधे झाडासाठी मोकळी जागा ठेवलेली. आता जगात सगळीकडं आधी झाड असतं, मग कुणीतरी त्याला पार बांधतं. आमच्या लोकांनी आधी पार बांधला, त्याला निळा रंग दिला आणि मग झाडाची वाट बघत बसले. त्या मोकळ्या जागेत बोधिवृक्ष लावायचा होता. विहार आहे आणि समोर पिंपळ नाही, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. मलाही नाही. माझ्या घराचं दार नेमकं त्या पारासमोर. सकाळी उठलो की पहिलं ते भोक दिसायचं.

विहार समितीचा अध्यक्ष माझा सख्खा पुतण्या. टेम्पोवर दुधाचे कॅन वाहतो. मनानं चांगला, पण डोक्यात एकदा शिरलं की निघत नाही. त्यानं नगरच्या एका नर्सरीतून पिंपळाचं रोप आणलं आणि बुद्ध पौर्णिमेला लावायचं ठरवलं. बुद्ध पौर्णिमा येते वैशाखात. आमच्याकडच्या वैशाखात नदीतला गोटा हातात धरवत नाही.

पहिलं रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट लावलं. नगरहून आलेल्या पाहुण्यांचे कपडे पांढरेशुभ्र, त्यांना माती लागू नये म्हणून पिशवी तशीच ठेवली, नंतर काढू म्हणाले. नंतर कोण काढतो? रोप वाळल्यावर मी उपटून बघितलं. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून स्वतःलाच आवळून बसली होती. दुसऱ्या वर्षी पिशवी काढली, पण खोडाला चिकटून चहूबाजूंनी मेणबत्त्या लावल्या. करंगळीएवढं खोड ते. एकाच संध्याकाळी साल भाजून निघाली. आणि लोक म्हणाले, औंदा ऊनच फार.

तिसऱ्या वर्षी मी मीटिंगला गेलो. बोलावलं नव्हतं, तरी गेलो.

"पौर्णिमेला नुसता खड्डा घ्या," मी म्हणालो. "उन्हानं तापू द्या. त्यातली हुमणी, वाळवी मरू द्या. मग शेणखत आन् पोयट्याची माती भरा. झाड लावा आषाढी पौर्णिमेला. भिक्खूंचा वर्षावास त्याच दिशी सुरू हुतो. ती बी आपलीच पौर्णिमा हाय."

पुतण्या म्हणाला, "तात्या, मंग बुद्ध पौर्णिमेला पाव्हन्यांनी काय खड्ड्याला हार घालायचा?"

मीटिंग हसली.

"घाला की. दर साली झाड मरतंय, हार भोकालाच पडतोय न्हवं?"

बायकांच्या बाजूनं माझी बायको बोलली. ती बोलली की बाकीच्या गप्प बसतात, तिचा आवाजच तसा. "ज्या दिशी बुद्ध जन्माला आले त्या दिशी बोधिवृक्ष लावायचा न्हाई. का? तर ह्यांच्या मोसंबीला चालत न्हाई म्हनून."

"मोसंबीचं नाव घेऊ नको. झाड मला कळतं."

"लई कळतं! दारातली शेवंती वाळवली ती कुनी?"

"तिला मी ताण दिला हुता."

यावर जे हसले ते अजून आठवलं की अंगाची लाही होते. शेवंती उंदरानं मुळाशी कुरतडली होती, ताणाचा काही संबंध नव्हता, पण आता कोण ऐकतंय. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकवलं. "लावा तर मंग. पर त्या झाडाला माझ्या हातचा एक लोटा पानी मिळनार न्हाई. ह्ये लिहून घ्या."

"नका घालू," पुतण्या म्हणाला. "पानी घालायला अख्खी वस्ती हाय."

मला भीती त्याचीच होती.

पौर्णिमेला पाहुण्यांची गाडी भर दुपारी आली. रोप लागलं, वंदना झाली, भाषणं झाली, खीर झाली. रोप चांगलं निवडलं होतं, हे कबूल करतो. सरळ, कमरेएवढं, पानं टवटवीत. तीन सालांतलं सगळ्यात चांगलं. म्हणून तर जीव जास्त जळत होता. पिशवी काढली होती आणि मेणबत्त्या थोड्या लांब लावल्या होत्या. दोन झाडं मारून एवढं शिकले.

आणि मग पाणी सुरू झालं. कामावर जाणारे जाताना लोटा ओतून जायचे. बायका नदीवरून येताना कळशीतलं थोडं ओतायच्या. माहेरपणाला आलेल्या लेकी, पाहुणेरावळे, जो येईल तो बोधिवृक्षाला पाणी घालणार. नाही कसं म्हणणार? पुण्याचं काम. आणि पार कसा बांधलेला? खाली मुरूम ठोकून पक्का केलेला, भोवती सिमेंट, मधे काळी चिकट माती. म्हणजे तो पार नव्हताच, भोक नसलेली कुंडी होती. कुंडीला बुडाशी भोक लागतं, हे डब्यात रोप लावणाऱ्या बाईलाही ठाऊक असतं. पण पार मोठा दिसतो, म्हणून त्यात पाणी साठेल असं कुणाच्या मनात येत नाही.

मी दारात बसून दातओठ खात बघत होतो. खालची पानं पिवळी पडायला लागली. इथं एक गोष्ट नीट ऐका. पाण्यावाचून सुकणारं पान कडेनं करपतं, हातात चुरलं तर कुरकुर वाजतं. पाण्यात गुदमरणारं पान खालच्या फांदीपासून पिवळं पडतं, मऊ होतं, लोंबतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. बघणारा म्हणतो, अरेरे, सुकलं, आणि आणखी एक लोटा ओततो. तो लोटा त्याला मारतो.

शेवटी मला बसवेना. उठलो, पारावर चढलो, मातीत बोट घातलं. बोट निघेना, चिखलानं धरून ठेवलं. काढलं तर गटारीचा वास. मी तिथंच काठी आडवी घेऊन बसलो.

पहिली एक कामाला जाणारी बाई आली. "सरका तात्या."

"घालायचं न्हाई."

"का वो?"

"त्याला पोहता येत न्हाई."

ती हसत गेली, पण पुढच्या आल्या त्या हसल्या नाहीत. काही कुरकुरल्या, एकीनं मला वेड लागलं म्हणून माझ्या बायकोला बोलावून आणलं. बायको कळशी कमरेवर घेऊन पारासमोर उभी राहिली.

"उठा."

"न्हाई."

"मीटिंगमधी म्हनालात मी पानी घालनार न्हाई. दुसऱ्याला घालू देनार न्हाई आसं कवा म्हनालात?"

"आत्ता म्हनतो."

"लोक काय म्हनतील, अवो?"

"लोकांना काय म्हनायचं ते म्हनू दे. झाड बोलत न्हाई, म्हनून मी बोलतोय."

तेवढ्यात वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई आली. नात्यानं माझी चुलती. पाठीतून वाकलेली, हातात तांब्या, तोही हिंदकळत होता. घरापासून तिथवर यायलाच तिला बराच वेळ लागायचा, पण एक दिवस चुकवत नव्हती. मला म्हणाली, "सरक पोरा."

मी म्हणालो, "न्हाई, काकी. आज न्हाई."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तांब्या छातीशी धरून म्हणाली, "गावच्या इहिरीवर आमाला पानी अडवलं, ते परके हुते. त्यांचं मी सोसलं. आपल्या झाडाचं पानी आपलाच मानूस अडवतो, ह्ये बघायला जगले का रं मी?"

माझ्या बायकोनं कमरेवरची कळशी खाली ठेवली.

पाणी अडवणारा. मला! आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या, मालकाच्या, मुकादमाच्या, पण असा शब्द मला कुणी लावला नव्हता. त्या मोसंबीच्या बागेत मी नवा असताना विहिरीवर ओंजळ धरून बसावं लागायचं. दुसरा गडी वरून पाणी सोडायचा, भांडं माझ्या हाताला लागू नये म्हणून. आणि तोंड पुसून मी कुठं जायचो? त्याच विहिरीच्या पाटात उतरायचो. दिवसभर नडगीएवढ्या पाण्यात उभं राहून दारं मोडायचो, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी सोडायचो. माझ्या पायांवरून गेलेलं पाणी झाडांना चालायचं. त्या मोसंब्या सगळ्यांनी गोड मानून खाल्ल्या. मला प्यायचं पाणी मात्र वरून. पुढं धम्म घेतला तेव्हा मी मालकाला सांगितलं, आता ओंजळ धरणार नाही, तांब्या दे नाहीतर दुसरा माणूस बघ. तांब्या मिळाला. आणि माझी चुलती मला पाणी अडवणाऱ्यांच्या ओळीत नेऊन बसवते!

तिला मी काय सांगणार होतो? मुळांना हवा लागते हे? मी पारावरून उतरलो, घरात गेलो आणि पहार घेऊन बाहेर आलो.

बायको किंचाळली, "अवो, काय करताय!" तिला वाटलं मी कुणाच्या तरी डोक्यात घालतो. मी पाराच्या बुडाशी बसलो आणि पहिला घाव दगडांच्या सांध्यात घातला. सिमेंट पक्कं होतं, पण माझा रागही पक्का होता. पुतण्या टेम्पो उभा करून धावत आला.

"तात्या! तात्या, पाराला हात लावू नका! आत्ता कुठं नवा रंग दिलाय!"

"रंगात झाड वाढतं का रं?"

"समितीला इचारलं का तुमी?"

"समितीनं झाडाला इचारलं का?"

तो माझ्या हातातली पहार ओढायला लागला. मी सोडली नाही. दोघांच्या ओढाताणीत ती दगडाच्या फटीत अशी तिरपी झाली, की दगडच निखळून बाहेर आला. त्याच्या मागून पाणी आलं. काळं, दाट, नासलेल्या डबक्याचा वास मारणारं. निळ्या रंगावरून ओघळत ते जमिनीवर पसरलं आणि पुतण्यानं उडी मारून चपला वाचवल्या.

"घ्या," मी म्हणालो. "ह्ये तुमचं पुन्य. ह्याच्यात उभं हाय ते."

चुलतीनं लुगडं वर धरलं. त्या पाण्याकडं बघितलं, वास घेतला. "आगं बया," म्हणाली. मला वाटलं आता जाईल. ती गेली नाही. तांब्या तसाच धरून उभी. मग मला विचारलं, "मंग मी माझं पानी घालू कुठं?"

बागेत पाणी कुणी भावनेनं घालत नव्हतं. तोड म्हटलं की तोडायचं, सोड म्हटलं की सोडायचं. इथं झाडाला पाणी नको होतं आणि म्हातारीला ते घातल्याशिवाय घरी जायचं नव्हतं.

माझी बायको घरात गेली आणि माठ घेऊन आली. बाजारातून आणलेला नवा माठ. नको इतका पाझरायचा, ओटा कायम ओला, म्हणून ती रोज सकाळी त्या कुंभाराचा उद्धार करायची. माठ माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "ह्यो पुरा. त्याला लागंल तेवढं तो सोडील."

सुचलं तिला. पण पुरला मी. कुठं पुरायचा हे तिला कळलं नसतं, ती खोडाला खेटूनच ठेवत होती. खोडापासून हातभर लांब, गळ्यापर्यंत मातीत, तोंड तेवढं वर, त्यावर झाकणी. माती सुकत जाईल तसा माठ पाझरतो, ओल असली की थांबतो. माठ भरलेला असला की पाणी घालणाऱ्यानं उद्या यायचं. त्यात माझ्याशी भांडण्यासारखं काही नाही, माठाशी भांडा. पण आत्ता तर आतला चिखल आधी सुकायला हवा होता. मी म्हणालो, माठ काही दिवस कोरडा राहू द्या. चुलती म्हणाली, "तांब्याभर." मी तिच्याकडं बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"अर्धा," मी म्हणालो.

तिनं अर्धा तांब्या माठात ओतला आणि उरलेला स्वतः प्याली.

त्यानंतर मी पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा आडोसा केला, कारण दुपारनंतरचं ऊन रोपाला भाजतं, सकाळचं भाजत नाही. मातीवर उसाचं पाचट अंथरलं, खोडाला न टेकवता. टेकवलं की वाळवी चढते. मेणबत्त्या पाराच्या अगदी कडेला. कुणी जवळ लावली की मी विझवायचो. पाप लागेल म्हणाले. लागू द्या.

पानं सगळी गळाली. नुसती काडी राहिली. लोक कुजबुजायला लागले की म्हाताऱ्यानं पारही फोडला आणि झाडही मारलं. पुतण्या उपटायला आला तेव्हा मी त्याचा हात धरला, त्याचंच नख धरून खोडाची साल जराशी खरवडून दाखवली. आतून हिरवं. आतून हिरवं आहे तोवर झाड मेलं म्हणू नये. तपकिरी झालं की मगच उपटावं, तेही आधी खाली, जमिनीजवळ खरवडून बघावं.

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्यावर त्या काडीच्या शेंड्याला तांबूस टोक दिसलं. दारातून मीच आधी पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. आपापलं बघतील. मग पान उलगडलं, पिंपळाचं नवं पान असतं तसं, तांब्याच्या रंगाचं, लकलक करणारं. चुलतीनं पाहिलं आणि साऱ्या वस्तीला हाका मारल्या.

पुढच्या मीटिंगमधे पुतण्या उठला. मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. खोटं कशाला सांगू, माझं नाव घेईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "काही लोक म्हनत हुते, वैशाखात लावलेलं झाड जगत न्हाई. जगलं का न्हाई? मनात श्रद्धा पायजे!"

टाळ्या.

मी जागेवरून ओरडलो, "श्रद्धा? आन् पार कुनी फोडला?"

"तात्या," तो हात जोडून म्हणाला, "त्याचं समितीनं तुमाला माफ केलंय."

आणि लगेच ठराव मांडला, की पुढच्या बुद्ध पौर्णिमेला शाळेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं लावायची. वड, पिंपळ, कडुनिंब. वैशाखात! मी उठून घरी आलो. रात्री जेवलो नाही. बायको भाकरी झाकून ठेवत म्हणाली, "बाजारच्या दिशी कुंभाराला सांगायचं का, पाझरनारे माठ लागतील म्हनून?"

म्हणजे हिलाही लावायचीच होती.

तो पिंपळ आता विहाराच्या स्लॅबच्या वर गेला आहे. त्याच्या मुळांनी पार दोन ठिकाणी तडकवला. मी फोडला तो वेगळाच. दर वैशाखात मी मीटिंगला जातो आणि उभा राहून सांगतो, की बाबांनो, आत्ता खड्डे घ्या, झाडं आषाढात लावा. आणि दर वर्षी सगळी मीटिंग खिडकीतून त्या पिंपळाकडं बघते. माझंच झाड माझ्या विरोधात उभं आहे. त्याला बघून हे लोक रोपं लावतात, आणि जी मरतात त्यांचा दोष उन्हाला देतात.

चुलती राहिली नाही. तिचा तांब्या आता माझी बायको घालते, स्वतःचा वेगळा आणि तिचा वेगळा. माठ कधीच फुटला, मुळांनीच फोडला, तरी ती त्याच जागी ओतते. परवा म्हणाली, "आता येवढं मोठं झालंय, वरनं घातलं तरी काय हुत न्हाई त्याला. घाला की तुमी बी एक लोटा. किती साल धरून बसनार?"

मी म्हणालो, "मीटिंगमधी काय म्हनालो हुतो?"

"बरं बाई," ती म्हणाली, आणि माझ्याही नावचा एक ओतला. तो मी अडवला नाही.